दुसऱ्या फळीचा मान

(मंडळाच्या रत्नागिरी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात व्याख्यानाचे विषय बहुधा ठरलेले असतात. कोणी ज्ञातीचा इतिहास सांगतो, कोणी शिक्षणावर बोलतो, कोणी उद्योगधंद्याची आवश्यकता प्रतिपादन करतो. यंदा कार्यवाहांनी 'तरुणांना रुचेल असे काही सांगा' अशी आज्ञा केली, आणि मी मोटारींच्या रॅलीचा विषय निवडला. हे ऐकून वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यात नवल नाही. धूळ उडवीत, पेट्रोल जाळीत, जिवावर उदार होऊन पळण्याच्या खेळात आपल्यासारख्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांनी घेण्यासारखे काय असणार, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी अर्धा तास मागून घेतो.

उत्तराचे सूत्र आधीच सांगून ठेवतो. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या मुलाचा क्रमांक दुसरा आला, ज्या मुलीला वैद्यकीय महाविद्यालयाऐवजी दुसऱ्या अभ्यासक्रमाला जावे लागले, ज्याची चांगली नोकरी आजारपणामुळे सुटली व ज्याने खालच्या जागेवरून पुन्हा आरंभ केला, त्यांच्याशी आपण कसे वागतो? 'दुय्यम' हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! रॅलीच्या जगात एक दुसरी फळी आहे. तिचा अनुभव या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो, म्हणून हा विषय.

प्रथम रॅली म्हणजे काय ते पाहू. गोल धावपट्टीवर दहा-वीस गाड्या एकदम सोडल्या आणि पुढे येईल तो जिंकला, अशी ही शर्यत नव्हे. रॅली नेहमीच्या, गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर होते. आपल्याकडची उपमा द्यायची तर असे समजा, की आंबा घाटाचा काही मैलांचा तुकडा सकाळी सर्व वाहतुकीस बंद केला, आणि एकेक गाडी काही मिनिटांच्या अंतराने एकटीच सोडली. समोर प्रतिस्पर्धी नाही, शेजारी नाही. आहे तो घाट, त्याची वळणे, दरी आणि घड्याळ. सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ मोजतात. असे पंधरा-वीस तुकडे तीन-चार दिवसांत पार करायचे आणि साऱ्यांची बेरीज ज्याची कमी, तो विजयी.

याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे दोन तुकड्यांमधला प्रवास. तो उघड्या रस्त्यावरून, लोकांच्या रहदारीतून करावा लागतो. तेथे त्या देशाचा वाहतुकीचा प्रत्येक नियम या नामांकित चालकांनाही लागू असतो. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या मिनिटालाच हजर व्हावे लागते. एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंदांचा दंड. आणि एक मिनिट लवकर पोहोचला तर तब्बल एक मिनिटाचा दंड! म्हणजे उघड्या रस्त्यावर घाई करणाराला उशीर करणाराच्या सहापट शिक्षा. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीपासून राजापूरपर्यंत जे अपघात आपण वर्षानुवर्षे पाहत आलो, ते आठवले म्हणजे या नियमाचे शहाणपण वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

गाडीत माणसे दोन असतात. एक चालक आणि दुसरा सहचालक. स्पर्धेपूर्वी दोघे तो रस्ता ठरावीक मंद वेगाने दोनदा पाहून घेतात. चालक प्रत्येक वळणाचे वर्णन सांगतो आणि सहचालक वहीत ते सांकेतिक भाषेत उतरवतो. वळण डावे की उजवे, किती तीव्र, पुढे चढ आहे की उतार, कडेला दगड आहे का, हे सारे त्या वहीत येते. प्रत्यक्ष स्पर्धेत तो हीच वही क्षणाक्षणाला वाचून दाखवतो. गाडी एका वळणावर असते तेव्हा त्याच्या तोंडी पुढचे वळण असते. आपल्या किनाऱ्यावर होडी खाडीत शिरताना नाळेवर उभा राहून पाण्यातला खडक सांगणारा माणूस आणि सुकाणू धरणारा तांडेल यांचे जे नाते, तेच येथे आहे. नाळेवरचा माणूस चुकला तर तांडेलाचे कौशल्य व्यर्थ. विजेत्यांच्या नोंदीत म्हणूनच नेहमी दोन नावे लिहितात.

हा खेळ आपल्या प्रांताला अगदीच परका नाही. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ मोटारी सिडनीला निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून, दिल्लीमार्गे त्या मुंबईला आल्या. पोहोचल्या त्या ७२. मुंबईहून 'चुसान' नावाच्या आगबोटीने त्या ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या आणि पुढे वाळवंट पार करून १७ डिसेंबरला सिडनीस पोहोचल्या. मुंबईत आघाडीवर होता रॉजर क्लार्क. स्कॉटलंडचा अँड्र्यू काउअन हिलमन हंटर या साध्या घरगुती वळणाच्या गाडीतून मागून येत होता. शेवटच्या दिवशी, सिडनी जवळ आली असता, आघाडीवर गेलेली लुसियां बियांकीची सित्रोएन समोरून येणाऱ्या एका गाडीवर आदळली. पॅडी हॉपकर्क हा प्रतिस्पर्धी आपली वेळ बाजूला ठेवून मदतीसाठी थांबला. काउअन जिंकला. त्याचे नाव इतिहासात राहिले. पण हॉपकर्कचे थांबणेही लोक आजवर विसरलेले नाहीत. जिंकण्याखेरीजही मान असतो, याचे हे पहिले उदाहरण.

आता जागतिक अजिंक्यपदाकडे वळू. ते १९७३ साली सुरू झाले, तेव्हा फक्त मोटार बनवणाऱ्या कंपन्यांसाठी होते. चालकांसाठी अजिंक्यपद १९७९ पासून देण्यात येऊ लागले. १९८० नंतर गाड्यांची शक्ती इतकी वाढली, की ती माणसाच्या आवाक्याबाहेर गेली. १९८६ साली पोर्तुगालमध्ये एक गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक दगावले, आणि त्याच वर्षी कॉर्सिका बेटावर हेन्री टोइवोनेन व त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो गाडीसह जळून गेले. त्या राक्षसी गाड्यांवर बंदी आली. पुढच्याच वर्षापासून, म्हणजे १९८७ पासून, बाजारात मिळणाऱ्या गाड्यांच्या अगदी जवळच्या मोटारी चालवणारांसाठी एक निराळा चषक ठेवण्यात आला. दुसऱ्या फळीचा पाया तो. पुढे नावे व नियम बदलत गेले, आणि २०१३ पासून ती 'डब्ल्यूआरसी-दोन' या नावाने ओळखली जाऊ लागली.

ही फळी दुय्यम खरी, परंतु तिची परीक्षा सोपी नाही. पहिल्या फळीचे चालक ज्या रॅलीत, ज्या तुकड्यांवर धावतात, त्याच रॅलीत आणि त्याच तुकड्यांवर यांनाही धावायचे असते. फरक एवढाच, की गाडी कमी शक्तीची आणि कमी खर्चाची असते, आणि ती पुढच्यांच्या मागून सोडली जाते. मातीच्या रस्त्यावर पुढच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि उघडे पडलेले दगड यांच्या वाट्याला येतात. मोठ्यांच्या मागून चालणाराला रस्ता तयार मिळतो असे आपण म्हणतो. येथे उखडलेला मिळतो.

या फळीचा २०१३ चा हंगाम मी आपणांपुढे थोडा विस्ताराने ठेवतो. नियम असा होता, की वर्षाच्या तेरा रॅलींपैकी चालकाने जास्तीत जास्त सात निवडायच्या आणि त्यांतील उत्तम सहांचे गुण धरायचे. पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, आणि असे उतरत दहाव्याला १ गुण. या हंगामात पोलंडचा रॉबर्ट कुबित्सा नावाचा चालक उतरला. सहचालक मातसेय बारान. गाडी चार चाकांना जोर देणारी सित्रोएन डीएस-तीन.

हा कुबित्सा कोण? फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या शिखरावर पोहोचलेला तो पहिला पोलिश चालक. २००७ साली कॅनडाच्या शर्यतीत त्याची गाडी भिंतीवर आदळून तिचे तुकडे झाले होते. पुढच्याच वर्षी त्याच धावपट्टीवर तो पहिला आला. त्याचे नाव भावी जगज्जेत्यांत घेतले जात होते. आणि ६ फेब्रुवारी २०११ रोजी इटलीतील एका लहानशा रॅलीत त्याची गाडी रस्त्याच्या कडेच्या लोखंडी कठड्यावर गेली. कठड्याची पट्टी गाडीतून आरपार घुसली. उजवा हात जवळजवळ तुटला. शल्यवैद्यांनी अनेक तास खपून तो वाचवला. परंतु त्याची हालचाल कायमची मर्यादित राहिली. वय त्या वेळी अवघे २६.

मित्रहो, आपल्या घरातील एखाद्या मुलावर असा प्रसंग आला असता तर आपण काय म्हटले असते? 'जीव वाचला हेच पुष्कळ, आता घरी बैस.' असे म्हणण्यात माया आहे, यात संशय नाही. कुबित्साने मात्र दुसरा मार्ग धरला. शिखराचे दार बंद झाले होते, तेव्हा ज्या खेळाने हात नेला त्याच खेळाच्या दुसऱ्या फळीत तो विद्यार्थी म्हणून दाखल झाला. फॉर्म्युला वनमध्ये तीच धावपट्टी शेकडो वेळा फिरून पाठ करता येते. रॅलीत दोनदा पाहिलेला रस्ता वहीच्या आधारे ओळखायचा असतो. एकट्याने गाडी चालवण्याची सवय झालेल्या या माणसाला शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास शिकावे लागले. आणि चाकाचे पुष्कळसे काम डाव्या हातावर घ्यावे लागले.

आरंभ पोर्तुगालमध्ये झाला, आणि त्यात यश आले नाही. तेथे जिंकला तो फिनलंडचा तरुण एसापेक्का लाप्पी. पुढची रॅली ग्रीसची; दगडधोंड्यांसाठी आणि उन्हासाठी प्रसिद्ध. तेथे गाडी फोडणारे पुष्कळ, राखणारे थोडे. कुबित्सा आपल्या फळीत पहिला आला. मग सार्डिनिया बेटाचे अरुंद मातीचे रस्ते, तेथेही पहिला. फिनलंडमध्ये गाड्या टेकाडांवरून अक्षरशः उडतात आणि स्थानिक चालकांना बाल्यापासून त्या रस्त्यांची ओळख असते. तेथे यारी केटोमा पहिला आणि कुबित्सा दुसरा. जर्मनीत मोझेल नदीकाठच्या द्राक्षमळ्यांतले डांबरी रस्ते होते. तेथे तो आपल्या फळीत पहिला तर आलाच, शिवाय साऱ्या गाड्यांच्या एकूण क्रमवारीत पाचवा आला. फ्रान्समध्ये पहिला. ऑक्टोबरात स्पेनमध्ये, जेथे माती आणि डांबर दोन्हींची परीक्षा होते, तेथेही पहिला. आणि तेथेच अजिंक्यपद निश्चित झाले.

हिशेब पाहा. पाच विजयांचे १२५ आणि फिनलंडचे १८, मिळून १४३ गुण. पोर्तुगालचा आरंभ गणतीतून गळून गेला. सातांतील उत्तम सहा धरण्याचा हा नियम मला फार माणुसकीचा वाटतो. एक परीक्षा बिघडली म्हणून साऱ्या वर्षाचे मोल शून्य होत नाही. आपल्या घरांत आपण किती वेळा नेमका तो एकच बिघडलेला पेपर धरून बसतो, याचा प्रत्येकाने विचार करावा.

अजिंक्यपदानंतर तो हंगामाच्या अखेरच्या रॅलीत पहिल्या फळीच्या गाडीत बसला, आणि ती रॅली त्याला पुरी करता आली नाही. दुसऱ्या फळीचा मुकुट म्हणजे पहिल्या फळीचे प्रवेशपत्र नव्हे, हेही खरे. परंतु २०१९ साली तो त्या मर्यादित हातानिशी फॉर्म्युला वनमध्ये परत आला, आणि जून २०२५ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत दोन साथीदारांसह त्याने जिंकली. अपघातापासून या विजयापर्यंत चौदा वर्षे गेली. त्या चौदा वर्षांच्या वाटेवर दुसऱ्या फळीतील तो एक हंगाम पायरीसारखा उभा आहे.

हे उदाहरण अपवादात्मक आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आणखी दोन सांगतो. पोर्तुगालमध्ये जिंकलेला लाप्पी २०१६ साली याच फळीचा विजेता झाला. आणि २०१७ साली पहिल्या फळीत येऊन मायदेशाची फिनलंड रॅली त्याने जिंकली. ऑलिव्हर सोल्बर्ग हा २००३ च्या जगज्जेत्याचा मुलगा. पहिल्या फळीत त्याला स्थान मिळाले होते, पण ते टिकले नाही. तो दुसऱ्या फळीत परतला. जुलै २०२५ मध्ये एस्टोनियात त्याला एका रॅलीपुरती पहिल्या फळीची गाडी मिळाली आणि ती रॅली त्याने जिंकून दाखवली. मग परत आपल्या फळीत येऊन त्या वर्षीचे तिचे अजिंक्यपदही मिळवले. संधी एकदाच आली, पण ती आली तेव्हा माणूस तयार होता. त्याची तालीम खालच्या पायरीवर चाललेली होती.

आपल्या देशाकडे पाहता, दिल्लीच्या गौरव गिल याने आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद २०१३, २०१६ आणि २०१७ असे तीन वेळा मिळवले, आणि जागतिक स्पर्धेच्या दुसऱ्या फळीतही तो काही रॅलींत उतरला. २०१९ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटार क्रीडेला तो सन्मान प्रथमच लाभला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झालेल्या आहेत. पुण्याचे संजय टकले मोटारसायकलींच्या स्पर्धांतून पुढे आले, आशियातील रॅलींत धावले, आणि जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटातील डकार रॅलीच्या 'क्लासिक' विभागात टोयोटा लँड क्रूझर घेऊन त्यांनी ती खडतर मजल पुरी केली. ज्या वयात आपण मंडळाच्या सल्लागार समितीवर जाण्याचा विचार करतो, त्या वयात हे गृहस्थ वाळूच्या टेकड्या ओलांडीत होते! भगिनींनाही हे क्षेत्र मोकळे आहे. फ्रान्सची मिशेल मूतों १९८२ साली जागतिक क्रमवारीत दुसरी आली, आणि तिची सहचालकही स्त्रीच होती. आपल्या बंगळूरच्या ऐश्वर्या पिसे हिने २०१९ साली मोटारसायकलींच्या बाहा रॅलींचा महिलांचा विश्वचषक जिंकला.

आता या नाण्याची दुसरी बाजू. हा खेळ धोक्याचा आहे, हे लपवून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बारमेर जिल्ह्यात, स्पर्धेसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातील तिघे प्राणास मुकले. ते चालकही नव्हते आणि प्रेक्षकही नव्हते. ज्यांच्या गावातून रस्ता जातो त्यांना पुरेशी सूचना आणि पुरेसा बंदोबस्त मिळाला पाहिजे. त्यांच्या जिवापुढे कोणत्याही चषकाला किंमत नाही. आणि हा खेळ खर्चिक आहे. एक हंगाम चालवायला जो पैसा लागतो तो आपल्यापैकी फार थोड्यांपाशी असेल. तेव्हा ज्ञातीतील प्रत्येक मुलाने रॅलीचालक व्हावे असे सुचवण्यासाठी मी येथे उभा नाही.

मात्र रॅली म्हणजे चालक एकटा नव्हे. त्या हंगामात दिवसाच्या मध्यावर गाडी दुरुस्तीला यायची तेव्हा कारागिरांना मिळत अवघी तीस मिनिटे. तेवढ्यात ते तुटलेला भाग काढून नवा बसवत. एरवी रस्त्यात काही मोडले, तर गाडीत असेल त्या हत्यारांनी दोघांनीच ते सावरायचे. वेळ नोंदणारे आहेत, वैद्य आहेत, रस्ता राखणारे आहेत. आपल्या जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून यंत्रकाम शिकणारी पुष्कळ मुले आहेत. त्यांच्या तेलकट हातांना आपण पदवीच्या कागदाइतका मान देतो का? देत नसू, तर चालकाचे कौतुक करून कारागिराला विसरणाऱ्या प्रेक्षकासारखेच आपण वागत आहोत.

तरुणांना माझे सांगणे थोडके आहे. घाटातल्या वेगाची हौस असेल तर ती बंद रस्त्यावर, शिरस्त्राण घालून, नियमाखाली भागवावी. उघड्या रस्त्यावर जगज्जेतासुद्धा वाहतुकीचे नियम पाळतो आणि लवकर पोहोचल्याचा दंड भरतो. शेजारी बसून धोका सांगणारा माणूस मिळाला, मग तो बाप असो, बहीण असो की मित्र, त्याचे ऐकावे. आणि वरच्या फळीत जागा मिळाली नाही तर खालच्या फळीत जाण्याची लाज बाळगू नये.

वडीलधाऱ्यांना विनंती अशी, की आपल्या स्मरणिकेत यशस्वी विद्यार्थ्यांची यादी छापताना पुढील वर्षापासून आणखी एक पान ठेवावे. पडून उठलेल्यांचे, मार्ग बदलून टिकून राहिलेल्यांचे, कारागिरीत नाव काढलेल्यांचे ते पान असावे. पहिल्या क्रमांकाची जागा एकच असते आणि ती कोणाला तरी मिळतेच. ज्ञातीचे बळ मात्र दुसऱ्या फळीत किती माणसे चिवटपणे उभी आहेत, यावर ठरते. हा नियम सैन्याला लागू आहे, संस्थेला लागू आहे आणि कुटुंबालाही लागू आहे.

  येथून घरी जाताना घाट ओलांडावा लागणारांनी सावकाश जावे, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.